डिशवॉशर अडला तर आधी पाण्याची वाट तपासा

डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचून राहिलंय, किंवा दोन तास फिरूनही कढईच्या कडेचा हळदीचा थर जागचा हललेला नाही, तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी अर्धा तास स्वतः द्या. या मशीनच्या घरगुती तक्रारींत मोटर जळलेली किंवा सर्किट गेलेलं क्वचित निघतं. बहुतेक वेळा पाण्याची वाट कुठेतरी अडलेली असते: शितं, मोहरी, काचेचा तुकडा, क्षार, नाहीतर मागे दुमडलेला पाइप. पाणी नळातून आत कसं येतं, कुठून फिरतं आणि बाहेर कसं जातं एवढं समजलं, की दोष कुठे शोधायचा ते आपोआप कळतं.

आत काय चालतं

वॉशिंग मशीनसारखा हा डबा पाण्याने भरत असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एका वेळी साधारण ३-४ लिटर पाणी तळाच्या खोलगट भागात जमतं. पंप तेच पाणी उचलून वरच्या आणि खालच्या फिरत्या पंख्यांतून, म्हणजे स्प्रे आर्ममधून, भांड्यांवर जोरात मारतो. या पंख्यांना वेगळी मोटर नसते. छिद्रं तिरकी असल्यामुळे पाण्याच्या जोरानेच ते फिरतात. खाली पडलेलं पाणी जाळीतून गाळून पुन्हा वर जातं. मधल्या वेळात हीटर ते ५० ते ७० अंशांपर्यंत तापवतो, पावडरची झडप उघडते, आणि काम झालं की ड्रेन पंप ते घाण पाणी बाहेर फेकतो. मग ताजं पाणी घेऊन विसळणं, आणि शेवटचं विसळणं गरम पाण्याने. भांडी त्या उष्णतेनेच सुकतात. हे सगळं हल्लीच्या मशीनमध्ये ९ ते १२ लिटरमध्ये उरकतं.

यातून दोन गोष्टी कळतात. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्यामुळे जाळी तुंबली की सगळंच बिघडतं. आणि पावडरमधली एन्झाइम्स पिठूळ आणि प्रथिनांचा थर सोडवतात, त्यांना गरम पाणी आणि वेळ दोन्ही लागतात. म्हणून भांडी आधी नळाखाली धुऊन आत ठेवायची गरज नाही. खरकटं खरवडून टाका, कढीपत्त्याची पानं, मिरचीचे देठ, हाडं, लिंबाच्या बिया काढा, बस्स.

जाळी आणि पंखे

खालचा रॅक बाहेर काढला की तळाशी गोल जाळी दिसते. ती डावीकडे फिरवून वर उचला. आतली नळकांड्यासारखी बारीक जाळी आणि खालची सपाट स्टीलची जाळी वेगवेगळी होते. वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासा. तारेची घासणी लावू नका, बारीक जाळी फाटते आणि मग कण थेट पंपात जातात. आपल्या स्वयंपाकात फोडणी रोजची, त्यामुळे मोहरी-जिरं रोज जाळीत अडकतं. माझं मत विचाराल तर आठवड्यातून दोनदा जाळी काढावीच, आणि रोज मशीन लावत असाल तर तिच्यावर रोज एक नजर टाकावी. परत बसवताना ती फिरवून घट्ट लॉक करा. सैल राहिलेली जाळी ही तुंबलेल्या जाळीहून वाईट.

पंख्यांकडे महिन्यातून एकदा बघा. खालचा सहसा सरळ वर ओढला की निघतो, वरच्याला मधोमध फिरवून काढायची चकती असते. उजेडात धरून एकेक छिद्र पाहा. तुंबलेलं छिद्र टाचणीने किंवा टूथपिकने मोकळं करा आणि पंखा हलवा. आत काही खुळखुळलं तर नळाखाली उलटा धरून झटका. मशीन भरल्यावर सुरू करण्याआधी दोन्ही पंखे हाताने फिरवून पाहायची सवय लावा. एखादा उभा झारा किंवा पातेल्याचा कान आडवा आला, तर पंखा अडतो आणि अर्धी भांडी कोरडीच राहतात.

दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाण्याचा फवारा पोहोचत नाही, म्हणून तिथे आणि रबरी पट्टीच्या घडीत तेलकट काळा थर बसतो. वास येत असेल तर बहुधा इथूनच. ओल्या फडक्याने पुसा. आतल्या स्टीलला ब्लीच लावू नका.

पाणी जड असेल तर

महाराष्ट्रात डिशवॉशरला सर्वात जास्त त्रास होतो तो क्षारांचा. मुंबईत धरणांचं पाणी सौम्य आहे. पण पुण्याच्या उपनगरांत टँकर आणि बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्या, किंवा मराठवाड्यातलं बोअरचं पाणी, ही गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मशीनच्या पुस्तिकेत मात्र जडपणा बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅमचं पाणी जवळपास २२ अंशांचं. आपल्या पाण्याचा आकडा तपासणीच्या पट्टीने किंवा प्रयोगशाळेतून काढा. वॉटर प्युरिफायरवाल्याचा टीडीएस मीटर सगळे विरघळलेले क्षार मिळून दाखवतो, निव्वळ जडपणा नाही.

तळाशी जाळीशेजारी जे मोठं झाकण असतं ते मिठाचं. मीठ भांड्यांसाठी नसतंच. मशीनमध्ये रेझिनचे मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना पुन्हा ताजं करतं. त्यामुळे मीठ संपलं की काही दिवसांतच पेल्यांवर पांढरी साय दिसू लागते.

फक्त पहिल्या वेळी त्या टाकीत पाणी भरा, नंतर नुसतं मीठ. डिशवॉशरचंच जाड मीठ घ्या. खाण्याच्या बारीक आयोडीनयुक्त मिठात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेली द्रव्यं असतात आणि ते टाकीत दाटून बसतं. भरताना थोडं मीठ सांडतंच, ते खारं पाणी स्टीलला खातं, म्हणून मीठ भरल्यावर लगेच मशीन लावा. आणि चुकूनही या टाकीत पावडर टाकू नका, रेझिन कायमचं निकामी होऊ शकतं. शेवटी जडपणाचं सेटिंग आपल्या आकड्याप्रमाणे बदला. बसवून देणारा माणूस हे करून गेलाय असं गृहीत धरू नका.

पेले धुरकट दिसत असतील तर एकावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळा. डाग गेला तर तो क्षार होता, मीठ आणि सेटिंग बघा. गेला नाही तर काच झिजली आहे, ती परत येत नाही. सौम्य पाणी, जादा पावडर आणि फार गरम प्रोग्रॅम यांनी काच झिजते. तेव्हा पावडर कमी करा.

हीटर आणि पाइपमध्ये बसलेला थर काढायला दोन-तीन महिन्यांतून एकदा, भांडी आणि पावडर न घालता, साधारण १०० ग्रॅम लिंबूसत्व तळाशी टाकून सर्वात गरम प्रोग्रॅम लावा. ढोकळ्यासाठी आणतो तेच हे, किराण्याच्या दुकानात मिळतं. व्हिनेगर वारंवार वापरलं तर रबर कडक होतं, म्हणून लिंबूसत्व बरं.

तळाशी पाणी साचलं तर

१. प्लग काढा, नळ बंद करा. पाणी गरम असेल तर थांबा.

२. खालचा रॅक काढून पाणी वाटीने आणि स्पंजने उपसा. जाळी काढा.

३. हातमोजा घालून तळाच्या खळग्यात चाचपा. फुटलेल्या पेल्याची काच इथेच असते. लवंग, दालचिनीचा तुकडा, बरणीचं लेबल हीही नेहमीची मंडळी.

४. खळग्याच्या बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण दिसेल. बऱ्याच मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटता येतं. आतलं छोटं चाक त्याच दांड्याने फिरवा. आत चुंबक असल्यामुळे ते अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतं. तसंच फिरायला हवं. अजिबात हललं नाही तर काहीतरी अडकलंय.

५. झाकण ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा, जाळी लॉक करा. प्लग लावून ड्रेन सुरू करा. बहुतेक मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की चालू प्रोग्रॅम रद्द होऊन पाणी बाहेर जातं.

आता कान द्या. पंप गुणगुणतोय पण पाणी जात नाही, तर अडथळा पुढे, पाइपमध्ये किंवा सिंकखालच्या वळणदार नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, आहे. पंप मुकाच असेल तर तो किंवा त्याची वायर गेली, हे मेकॅनिकचं काम.

पाइपबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो सर्रास चुकीचा लावतात. ड्रेनचा पाइप जमिनीवरच्या मोरीच्या जाळीत सोडून देणं सोपं असतं, पण त्याचा वळसा जमिनीपासून निदान ४० सेंटिमीटर वर जाऊन मग खाली यायला हवा. नाहीतर धुताधुताच पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं, मशीन पुन्हा पुन्हा पाणी घेत राहतं आणि तुम्ही ‘भरत नाही’ म्हणून तक्रार करता. सिंकखाली उंदीर फिरत असतील तर हाच पाइप ते कुरतडतात, तेव्हा तिथली भोकं बुजवून घ्या.

पाणीच येत नसेल तर

नळाशी जोडलेला पाइप सोडवा, तोंडाशी वाळू अडवणारी छोटी जाळी असते. टँकरच्या पाण्याने ती लवकर भरते. ती साफ करा, आणि नळाचं पाणी बादलीत सोडून धार पाहा. अनेक मशीनना ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळपास १ बार. म्हणजे टाकीतलं पाणी नळाच्या तीन-पाच मीटर तरी वर हवं. वरच्या मजल्यावर, टाकी लगेच छतावर असेल, तर मशीन धडधाकट असूनही पाणी न आल्याचा इशारा देतं. तिथे प्रेशर पंप हाच उपाय. नळाजवळ पाइपला जाड चौकोनी डबा असेल तर त्यात विजेवर चालणारी झडप असते. तो पाण्यात बुडवू नका आणि पाइप कापून आखूड करू नका.

गळती

सिंकवर भांडी घासायचं लिक्विड आत घातलंत तर फेस होऊन दारातून वाहणारच. ते झालं असेल तर ड्रेन करा आणि नुसत्या पाण्याचे एक-दोन फेरे द्या. पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरलं तर तिथला तरंगता स्विच मशीन थांबवतो, बॉशच्या मशीनवर तेव्हा ई१५ दिसतं आणि ड्रेन पंप सतत चालू राहतो. प्लग आणि नळ बंद करून, दोघांनी मिळून मशीन मागे तिरकं केलं तर ट्रेमधलं पाणी निघतं आणि मशीन चालू होतं. पण फेसाचं कारण नसेल तर आतला एखादा सांधा गळतोय, तो सापडेपर्यंत वापरू नका.

इथे हात थांबवा

मशीन साधारण २००० वॉटचं, म्हणजे जवळपास ९ ॲम्पिअर ओढतं. त्याला १६ ॲम्पिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. हीटर, सर्किट बोर्ड आणि बाजूचे पत्रे उघडू नका. एमसीबी पडत असेल किंवा पत्र्याला हात लावून झिणझिण्या येत असतील तर प्लग काढूनच ठेवा.

मेकॅनिकला बोलावताना दाराच्या कडेवरच्या स्टिकरचा फोटो आधीच पाठवा, त्यावर मॉडेल नंबर असतो. ‘बंद पडलंय’ एवढंच न सांगता कुठल्या टप्प्यावर थांबतं, कुठला कोड दिसतो, पंपाचा आवाज येतो का, हे सांगा, म्हणजे तो योग्य भाग घेऊनच येईल. आणि भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या.