‘डस्टी रॅग’च्या निमित्ताने: रॅगटाइमचे जुने शीट म्युझिक कसे तपासावे

रॅगटाइमचे, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लोकप्रिय अमेरिकी पियानोसंगीताचे, एखादे जुने शीट म्युझिक (छापील स्वरलिपी) हाती आले की बहुतेक पियानोवादक थेट स्वरांकडे वळतात. रचना अपरिचित असेल, तर हा क्रम बदलावा आणि आधी मुखपृष्ठाच्या तळाशी छापलेले प्रकाशकाचे नाव वाचावे, कारण प्रत कोणत्या छपाईची आहे आणि रचनाकाराचा माग कोठे लागेल, हे बहुधा त्या एका ओळीवरून कळते.

उदाहरण म्हणून ‘डस्टी रॅग’ घेऊ. ही मे ऑफडरहाइड यांची पहिली प्रकाशित रचना. 1888 मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस येथे जन्मलेल्या या स्त्रीच्या मोजक्याच रॅग (रॅगटाइमच्या रचना) छापल्या गेल्या आणि त्याही चार-पाच वर्षांच्या काळात. ‘डस्टी रॅग’ 1908 मध्ये प्रथम छापली ती त्याच शहरातील ड्युएन क्रॅब यांनी, जे स्वतःही रॅग लिहीत असत. पुढे मे यांचे वडील जे. एच. ऑफडरहाइड यांनी तिचे हक्क घेतले. वडिलांचा मूळ धंदा कर्जे देण्याचा होता, परंतु मुलीच्या रचनांसाठी त्यांनी प्रकाशनसंस्था काढली आणि तिच्या व्यवस्थेसाठी पॉल प्रॅट या रॅगकाराला नेमले. त्यामुळे प्रतीवर क्रॅब यांचे नाव असेल तर ती आधीची छपाई समजावी, आणि ऑफडरहाइड यांचे असेल तर नंतरची.

येथे एक चूक हमखास होते. स्वरांच्या पहिल्या पानाच्या तळाशी असलेल्या कॉपीराइटच्या ओळीत, पुष्कळदा रोमन अंकांत, जे वर्ष दिलेले असते, ते हक्काचे वर्ष होय, ती प्रत छापल्याचे नव्हे. लोकप्रिय रचना वर्षानुवर्षे तीच ओळ ठेवून पुन्हा छापल्या जात. खऱ्या छपाईचा अंदाज घ्यायचा असेल, तर मलपृष्ठावरील जाहिराती पाहाव्यात. ऑफडरहाइड यांच्या संस्थेने ज्युलिया ली नीबरगॉल यांची ‘रेड रॅम्बलर रॅग’ 1912 मध्ये प्रकाशित केली, तेव्हा या रॅगचे नाव ‘डस्टी रॅग’च्या मलपृष्ठावर आढळले तर 1908 चे वर्ष छापलेली ती प्रतही 1912 च्या आधीची असू शकत नाही. कागदाचा आकार हा आणखी एक दुवा आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीची अमेरिकी शीट साधारण 11 बाय 14 इंचांच्या जवळपास असत. युद्धकाळात कागद वाचवण्यासाठी त्या लहान झाल्या. (मोठी शीट कपाटात बसत नाही म्हणून तिच्या कडा कापणारे महाभागही असतात, तेव्हा नुसत्या मापावर विसंबू नये.)

प्रकाशक कळला की रचनाकाराकडे जावे. स्त्री रचनाकारांचा शोध लग्नानंतरच्या नावापाशी अडतो, म्हणून दोन्ही नावांनी शोधावे. मे यांनी वास्तुविशारद टॉमस कॉफमन यांच्याशी विवाह केला आणि त्या इंडियाना राज्यातीलच रिचमंड येथे राहायला गेल्या. या गावाचे नाव त्यांच्या ‘द रिचमंड रॅग’मध्ये आजही दिसते. ‘द थ्रिलर’ ही 1909 ची रचना त्यांची सर्वांत परिचित म्हणता येईल. पुढे त्यांचे प्रकाशन थांबले आणि 1972 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले, म्हणजे रॅगटाइमचे पुनरुज्जीवन सुरू झालेले पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले. अशा व्यक्तींसाठी त्या काळच्या शहर-निर्देशिका आणि जनगणनेच्या नोंदी उपयोगी पडतात, तर रचनेच्या नोंदणीची तारीख अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या छापील सूचीत, संगीताच्या स्वतंत्र भागात मिळते.

प्रत विकत घेण्याची घाई करू नये. इंडियाना विद्यापीठाच्या ‘इन हार्मनी’ या संग्रहात त्या राज्याशी संबंधित शीट म्युझिक स्कॅन करून ठेवलेले आहे, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा शीट म्युझिकचा लेव्ही संग्रहही खुला आहे. 1908 ची रचना अमेरिकेत हक्कमुक्त झालेली असल्यामुळे तेथील स्कॅन उतरवून घेण्यास अडचण नसते. दोन छपायांचे स्कॅन मिळाले तर ती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावीत. छापखान्याच्या चुका अशाच सापडतात. पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायची छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी) हा मात्र स्वरांचा पुरावा मानू नये, कारण रोल तयार करणारे दोन हातांत न मावणारे स्वरही त्यात सर्रास भरीत.

आता वादन. रॅग साधारणपणे 2/4 या तालमापात लिहिलेली असते आणि सोळा-सोळा आवर्तनांच्या भागांनी बनते. डाव्या हाताचे काम ठेक्याचे आहे: खाली एक खर्जाचा स्वर, वर एक स्वरसंघात, न चुकता. उजवा हात मात्र सम येण्याआधीच उतरतो. ज्यांनी तबल्याच्या साथीने गाणे ऐकले आहे, त्यांना हा अनागताचाच प्रकार वाटेल. म्हणून आठवडाभर फक्त डावा हात वाजवावा, तो बोलता बोलताही चालू राहिला पाहिजे, आणि मगच उजव्याची एकेक ओळ त्यावर ठेवावी. मध्यभागी ट्रिओ नावाचा भाग येतो, तेथे स्वरश्रेणी बदलून बहुधा चौथ्या स्वरावर जाते. तो भाग वेगळा बसवावा. गतीच्या बाबतीत, ‘डस्टी रॅग’ छापली गेली त्याच वर्षी प्रसिद्ध रॅगटाइम रचनाकार स्कॉट जॉप्लिन यांनी आपल्या धड्यांत दिलेली सूचना पाळावी: लय हाती येईपर्यंत सावकाश वाजवावे, आणि हाती आल्यावरही रॅगटाइम कधी भरधाव वाजवू नये.