भिरंडाचा अर्क, कॅडमियम आणि 52 दिवस

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा अर्क कॅडमियम या विषारी धातूपासून वृषणाला वाचवतो का, हा माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा प्रश्न होता. मी गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यातली. पावसात लाल होऊन वाहणारे ओहोळ बघतच वाढले, म्हणून धातूंचा विषय जवळचा वाटला. आमच्या मातीत लोह आणि मँगनीज मुख्य. कॅडमियम निवडलं ते त्याचा वृषणावरचा घाव फार जुन्या काळापासून अभ्यासलेला आहे म्हणून. 1950 च्या दशकात पारिझेक यांनी तो रॅटमध्ये दाखवला आणि जस्त दिल्यास तो टळतो हेही दाखवलं.

या विषयात येणाऱ्यांनी सगळ्यात आधी दिवस मोजावेत. माझ्या पहिल्या आराखड्यात 28 दिवसांचे डोस होते. रॅटमध्ये मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे 52 दिवस लागतात, पुढे एपिडिडिमिसमधून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून, जायला साधारण आठवडा. म्हणजे 28 व्या दिवशी मी मोजणार होते ते शुक्राणू पहिल्या डोसच्या आधीच घडू लागलेले. मॅडमनी आराखडा परत दिला तेव्हा वाईट वाटलं, पण प्राणी वाया गेले नाहीत. प्राणी-नीतिसमितीची मंजुरी घेताना 'इतके प्राणी का, इतके दिवस का' हे विचारलंच जातं; उत्तर आधी स्वतःला द्या.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. अर्क आणि धातू दोन्ही तोंडातून एकापाठोपाठ दिले, तर अर्कातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली धातूला चिकटणारी संयुगं) आतड्यातच धातूला धरून ठेवू शकतात. मग वृषण चांगलं दिसतं, पण तिथे विष पोचलेलंच नसतं. त्याला वृषणाचं संरक्षण म्हणता येत नाही. म्हणून दोन डोसांत काही तासांचं अंतर ठेवा, आणि ऊतीतलं कॅडमियम अणुशोषण यंत्रावर (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. ते नुसतं कॅडमियम दिलेल्या आणि कॅडमियमसोबत अर्क दिलेल्या, दोन्ही गटांत सारखंच असूनही एमडीए (पेशींच्या इजेची खूण) कमी आणि ग्लुटाथायोन (पेशींचं रक्षण करणारं द्रव्य) टिकून असेल, तरच अर्क ऊतीत काही करतोय असं म्हणायला जागा आहे. नुसता अर्क दिलेला गट हवाच. काही वनस्पती स्वतःच प्रजननाला मारक असतात.

शुक्राणूंची हालचाल बघण्याचा दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. एपिडिडिमिसच्या शेपटीला बारीक चीर दिली की कोमट सलाइनमध्ये दुधाळ धागा धुरासारखा पसरतो. पहिल्याच दिवशी सगळ्या गटांत, अगदी काहीच न दिलेल्या कंट्रोल गटातही, शुक्राणू जवळजवळ निपचित. लॅबमधल्या काकांनी एसीकडे बोट दाखवलं, "स्लाइड थंड आसा, बाय!" तेव्हापासून स्लाइड, सलाइन, पिपेटची टोकं, सगळं 37 अंशांवर.

सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी वृषण जतन करताना ते साध्या फॉर्मेलिनपेक्षा बुइन द्रवात ठेवा, नलिकांची रचना नीट टिकते. मात्र त्यात पिक्रिक आम्ल असतं. ते कोरडं झालं तर स्फोटक असतं, तेव्हा बाटलीच्या झाकणाची कड स्वच्छ ठेवा.

माझा मावसभाऊ बॅटऱ्या दुरुस्त करतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. विषय कळल्यावर त्याने विचारलं, "ताई, रोज सोलकढी घेऊ?" मी म्हटलं, जेवणात आवडीने घे, औषध म्हणून नको. बॅटऱ्यांत शिसं असतं, तेव्हा आधी रक्तातलं शिसं आणि वीर्य तपासून घे, आणि दुकानातल्या कपड्यांनी घरी जेवायला बसू नकोस. पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं तपासणीला गेलो.