ईआरपीनेक्स्टची मराठी मदतपानं कशी लिहावीत

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. बिलं, खरेदी, गोदाम, हिशेब हे सगळं त्यात होतं आणि त्याचा कोड जीपीएल 3 परवान्याखाली सर्वांना खुला आहे. एमआयडीसीतला लहान कारखानदार किंवा तालुक्याचा वितरक ते बसवून घेतो, दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, बसवणारा माणूस निघून जातो. पुढच्या सोमवारी बिल अडतं. मूळ मदतसाहित्य भरपूर आहे आणि मेहनतीने लिहिलेलं आहे, पण ते इंग्रजीत आहे आणि जगभरच्या वापरकर्त्यांसाठी आहे. तुमच्या गोदामातल्या दादांना हवी असलेली चार वाक्यं तुम्हालाच लिहावी लागतात. हे काम प्रोग्रामरनेच करावं असं मुळीच नाही. हिशेब विभागातली एखादी जाणती व्यक्ती ते जास्त चांगलं करते.

आधी प्रश्न जमवा

लिहायला लगेच बसू नका. महिनाभर ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि फोनवर येणारे प्रश्न जसेच्या तसे एका वहीत उतरवा. ‘माल आहे तरी बिल होत नाही’, ‘कालच्या तारखेचं बिल कसं करू’, ‘दोनदा स्टॉक कमी झाला’. हीच तुमच्या पानांची शीर्षकं. ‘सेल्स इन्व्हॉइस मॉड्यूलची ओळख’ असं शीर्षक दिलंत, तर अडलेला माणूस ते पान उघडणारच नाही, कारण आपला प्रश्न त्यात आहे हे त्याला कळत नाही.

मग कामाप्रमाणे वाटणी करा: बिलिंग, गोदाम, खरेदी, हिशेब. गोदामवाल्याला जर्नल एंट्री (हिशेबाची जमा-नावे नोंद) दिसतच नसेल, तर त्याच्या पानांत तिचा उल्लेखही नको.

एका पानात एकच अडचण

नमुना म्हणून सगळ्यात जास्त विचारलं जाणारं पान घेऊ.

*बिल सबमिट केलं, पण दर चुकला*

1. या बिलाचं ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवरची नोंद) निघालंय का, किंवा त्या महिन्याचं जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरून झालंय का, ते आधी पाहा. दोन्हीपैकी एक जरी झालं असेल तरी काही करू नका, लगेच अकाउंटंटना सांगा.
2. दोन्ही झालं नसेल तर बिल उघडून वरच्या पट्टीतलं ‘कॅन्सल’ दाबा. जोडलेल्या इतर नोंदीही कॅन्सल करायच्या का असं विचारलं, तर यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका.
3. आता ‘अमेंड’ दाबा. त्याच बिलाची प्रत उघडेल. दर सुधारा, ‘सेव्ह’ करा, पुन्हा एकदा वाचा, मग ‘सबमिट’ करा.
4. नव्या बिलाच्या नंबरापुढे -1 लागलेलं दिसेल. ग्राहकाला जुनं बिल रद्द झाल्याचं कळवून नवीन पाठवा.

पहिलीच पायरी थांबायला सांगते, आणि ती पहिलीच हवी. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन, म्हणजे पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक, पोर्टलवर 24 तासांच्या आतच रद्द करता येतो. त्यानंतर क्रेडिट नोटचा रस्ता धरावा लागतो. ही सूचना पानाच्या तळाशी ‘टीप’ म्हणून टाकली, तर ती वाचेपर्यंत बटण दाबून झालेलं असतं. ज्या चुकीने नुकसान होतं ती कृतीच्या आधी सांगायची, हा नियम मी कुठल्याच पानावर मोडत नाही.

असं पान लिहिताना व्यवस्थेतल्या खाचाही सापडतात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर 16 अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. तुमच्या बिलांच्या नंबरांची मालिका 15 अक्षरांची असेल, तर -1 लागताच ती 17 होते. अशा वेळी पानात सावधगिरीची ओळ वाढवण्यापेक्षा मालिकाच आखूड करून घ्या.

बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तीच ठेवा. ‘सबमिट’च्या जागी ‘सादर करा’ लिहिलंत तर माणूस ते बटण शोधत बसेल. स्क्रीनशॉट मोजकेच घ्या, तेही चाचणीसाठी बनवलेल्या खोट्या कंपनीतून. खऱ्या ग्राहकाचं नाव, जीएसटी क्रमांक, उधारी हे कुठल्याही चित्रात नको. मूळ मदतसाहित्यातला मजकूर उचलायचा असेल, तर त्याचा परवाना आधी वाचा आणि श्रेय द्या.

मदत हाताशी ठेवा

काही प्रश्नांना पान लागतच नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘कस्टमाइज फॉर्म’ आहे. तिथे सेल्स इन्व्हॉइस निवडा, हवा तो रकाना उघडा आणि ‘डिस्क्रिप्शन’मध्ये एक ओळ लिहून ‘अपडेट’ करा. ती ओळ फॉर्ममध्ये त्या रकान्याखालीच दिसू लागते. ‘अपडेट स्टॉक’खाली एवढंच लिहा: ‘माल याच बिलाने जात असेल तरच टिक करा. डिलिव्हरी नोट आधी केली असेल तर नको.’ स्टॉक दोनदा कमी झाल्याच्या बऱ्याच तक्रारी या एका ओळीने थांबतात. मागच्या तारखेचं बिल करताना ‘एडिट पोस्टिंग डेट अँड टाइम’वर टिक केल्याशिवाय तारीख बदलता येत नाही, तिथेही अशीच ओळ द्या.

बाकीची पानं फ्रॅपेच्याच मुक्तस्रोत विकीवर ठेवता येतात. आणि गोदामात छापील कागद लावायला अजिबात संकोच करू नका. तिथे संगणक एक असतो आणि माणसं चार.

दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा

पान लिहून झालं की ज्याचं ते काम आहे त्याच्याच हाती द्या आणि चाचणीच्या साइटवर करायला सांगा. शेजारी बसा, पण बोलू नका. माउस जिथे घुटमळतो, जिथे तो तुमच्याकडे वळून बघतो, तिथे वाक्य कमी पडलेलं असतं. ते वाक्य लगेच, त्याच्याच शब्दांत दुरुस्त करा. वाचणाऱ्याला समजलं नाही तर दुरुस्ती पानात व्हायला हवी.

प्रत्येक पानाच्या वर आवृत्ती आणि तपासल्याची तारीख टाका: ‘आवृत्ती 15, शेवटची तपासणी अमुक तारखेला’. मोठ्या अपग्रेडमध्ये बटणं जागा बदलतात, म्हणून अपग्रेड आधी चाचणीच्या साइटवर करून सगळी पानं तिथे एकदा चालवून बघा. हे काम एका माणसाच्या नावावर नेमून द्या आणि त्याला त्यासाठी कामाच्या वेळेतले तास द्या. जे पान आता लागू नाही ते काढून टाका, भिंतीवरचा त्याचा छापील कागदही त्याच दिवशी उतरवा.