पुल-अप बार घेण्याआधी घर नीट तपासा

बारची चित्रं बघण्याआधी स्वतःचं माप घ्या. भिंतीला पाठ टेकून सरळ उभं राहा, दोन्ही हात पूर्ण वर ताणा आणि बोटांची टोकं जिथे पोहोचतात तिथे कुणाकडून तरी पेन्सिलीने खूण करून घ्या. बार या खुणेइतका किंवा तिच्याहून थोडा वर असावा. म्हणजे टाचा उचलून तो पकडता येतो आणि गुडघे किंचित मोडले की पाय मोकळे लटकतात. उडी मारून पकडावा लागणारा उंच बार नवख्या माणसाने टाळलेला बरा. दमल्यावर पाय अलगद जमिनीवर टेकता आले पाहिजेत. बारच्या वर छतापर्यंत निदान 30 सेंटीमीटर मोकळी जागा हवी, 40 मिळाली तर उत्तम. हनुवटी बारच्या वर नेणं हाच तर सगळा व्यायाम, आणि तिथे डोकं स्लॅबला लागत असेल तर तुम्ही नकळत अर्ध्यावरच थांबायला शिकाल.

आता वजन. स्वतःचं वजन, पुढेमागे कमरेला वजन बांधायचा विचार असेल तर तेही, आणि घरात बार वापरणारं सगळ्यांत जड माणूस कोण, हे लिहून ठेवा. खोक्यावर छापलेली कमाल क्षमता बहुतेक वेळा स्थिर वजनासाठी असते. खाली येताना झटका दिला किंवा शरीर झुलवलं की बारवरचा ताण आपल्या वजनाच्या बराच वर जातो. म्हणून मी तरी आपल्या वजनाच्या दुप्पट क्षमतेखालचा बार घेऊ नका असंच सांगेन.

यानंतरचं काम सगळ्यांत महत्त्वाचं: बार कशाला धरून राहणार आहे ते तपासणं. चांगल्या पोलादाची नळी सहसा वाकत नाही. निसटते ती चौकट, उखडते ती पट्टी, सुटतो तो भिंतीतला बोल्ट. दारात बसवायचा बार घेणार असाल तर आधी दाराच्या दोन उभ्या बाजूंमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी मोजा. जुन्या लाकडी चौकटीत ते सारखं असेलच असं नाही. भिंतीची जाडी मोजा. चौकटीभोवती बाहेर आलेली पट्टी आहे का, असली तर किती रुंद आणि किती घट्ट, हे वरच्या कडेवर बोट फिरवून आणि हाताने खाली ओढून बघा.

ही पट्टी इतकी का तपासायची, तर दारावर अडकवायचा बार तिच्यावरच बसतो. त्याचा मागचा आडवा दांडा दाराच्या पलीकडच्या बाजूला पट्टीच्या वरच्या कडेवर टेकतो आणि पुढचे दोन पॅड अलीकडून चौकटीला दाबून धरतात. तुम्ही लटकलात की तरफेच्या नियमाने ही पकड आणखी आवळते. एकही छिद्र न पाडता बसणारा हा प्रकार सोयीचा खराच, पण पट्टी चार छोट्या खिळ्यांवर उभी असेल तर सगळं वजन त्या खिळ्यांवर येतं. ज्या दारांना अशी पट्टीच नसते, तिथे हा बार बसतच नाही. बसलेल्या बारवरही पाय पुढे फेकून झुलायचं नाही. भार एका बाजूला गेला की मागचा दांडा उचलला जाऊ शकतो.

दुसरा प्रकार चौकटीच्या आत फिरवून ताणून बसवायचा. तो केवळ घर्षणावर टिकतो. गुळगुळीत ऑइल पेंट, कच्चं लाकूड, पातळ पत्र्याची चौकट हे तिन्ही त्याचे शत्रू. शिवाय ज्याला लॉक नसतो तो हातांच्या पिळामुळे हळूहळू सैल होऊ शकतो. उंचीचीही अडचण आहे. दार साधारण 2 मीटर उंच धरलं आणि डोक्यासाठी वर 30 सेंटीमीटर सोडले, तर बार 170 सेंटीमीटरवर येतो आणि उंच माणसाला पाय पूर्ण मागे दुमडून लटकावं लागतं. तरीही हाच घ्यायचा असेल तर बारची टोकं ज्यांत बसतात अशा, चौकटीला स्क्रूने पक्क्या होणाऱ्या वाट्या सोबत असलेला घ्या आणि त्या वाट्या खरोखर बसवा. बसवल्यावर बारच्या टोकाखाली चौकटीवर बारीक पेन्सिलरेघ ओढा. व्यायाम झाल्यावर टोक रेघेवर आलेलं दिसलं, तर बार सरकतोय, आणि त्या दारात तो वापरायचा नाही. उलटं लटकणं तर या बारवर कधीच नको.

दार कोणतंही असो, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या माणसाचा विचार करा. तुम्ही वर असताना कुणी दार ढकललं तर ते थेट पाठीवर येतं.

भिंत मजबूत असेल आणि घर स्वतःचं असेल, किंवा मालकाची स्पष्ट परवानगी असेल, तर मला विचाराल तर भिंतीवरचा बारच घ्यावा. त्यासाठी भिंत कशाची आहे हे आधी कळायला हवं. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. भरीव, बसका आवाज आला तर वीट किंवा काँक्रीट असण्याची शक्यता जास्त, पोकळ आवाज आला तर जिप्सम बोर्ड, पोकळ ब्लॉक किंवा सुटलेला गिलावा. खात्री ड्रिलच्या भुकटीवरून होते: लाल भुकटी विटेची, करडी सिमेंटची, पांढरी, पिठासारखी मऊ आली तर जिप्सम. जिप्समच्या भिंतीत आतल्या उभ्या आधारांखेरीज कुठेही बार लावू नका. हलक्या वजनाच्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला साधे फास्टनर, म्हणजे छिद्रात घट्ट बसणारे बोल्ट, धरत नाहीत, तिथे जाणकार मिस्त्रीला विचारल्याशिवाय हात घालू नये. सगळ्यांत भरवशाची जागा काँक्रीटचा बीम किंवा कॉलम.

बार निवडताना त्याच्या भिंतीला लागणाऱ्या प्लेटची उंची अवश्य बघा. ही गोष्ट जाहिरातीत क्वचितच लिहिलेली असते. 70 किलोचा माणूस भिंतीपासून 60 सेंटीमीटर पुढे लटकला, आणि वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर 30 सेंटीमीटर असलं, तर वरच्या बोल्टांवर मिळून सुमारे 140 किलोची बाहेर ओढणारी ताकद येते. तेच अंतर 15 सेंटीमीटर असलं तर 280 किलो. बार तोच, माणूस तोच, फक्त प्लेट आखूड. त्यामुळे दिसायला सुबक, छोट्या प्लेटचा बार मी तरी घेणार नाही. भिंतीपासूनचं अंतर मात्र फार कमी करूनही चालत नाही, नाहीतर गुडघे भिंतीला लागतात.

बसवण्याच्या दिवसासाठी हॅमर ड्रिल, फास्टनरच्या मापाचा बिट, मोजपट्टी, पाणसळ, पाना, आणि छिद्रातली भुकटी काढायला ब्रश किंवा हवेचा पंप जवळ ठेवा. भुकटी आत राहिली की फास्टनर पुरता घट्ट बसत नाही. छिद्र विटेच्या मध्यावर घ्या, दोन विटांमधल्या सांध्यात नको. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली आणि नळांच्या रेषेत ड्रिल लावू नका, आत वायरी किंवा पाइप असतात. छताला लावायचा बार फक्त काँक्रीटच्या स्लॅबला. तिथे सगळं वजन बोल्ट सरळ खाली ओढतं, म्हणून हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. फॉल्स सीलिंगचा तर प्रश्नच येत नाही.

काहीच ठोकता येत नसेल तर जमिनीवर उभा राहणारा स्टँड उरतो. त्याला जागा बरीच लागते, शिवाय चारही बाजूंनी हात-पाय हलवायला मोकळीक हवी. पायाचा पसारा कागदावर कापून जमिनीवर ठेवा आणि चार दिवस त्या कागदाभोवती वावरा, म्हणजे जागा खरंच परवडते का कळेल. शक्य झालं तर दुकानात लटकून बघा. जो स्टँड तुम्ही सावकाश वर जातानाही डुलतो, तो घरी आणल्यावर स्थिर होणार नाही.

पकडीच्या दांड्याची जाडी 28 ते 32 मिलिमीटर असली की बहुतेकांच्या मुठीत नीट बसते. जिम्नॅस्टिक्सचा आडवा बार 28 मिलिमीटरचाच असतो. फोमचं जाड वेष्टन मला पसंत नाही: घामाने ओलं होतं, फाटतं, आणि मूठ पूर्ण मिटू देत नाही. मनगट किंवा कोपर कुरकुरत असेल तर तळवे समोरासमोर येतील अशा समांतर मुठी असलेला बार बघा. बाकी चार-पाच प्रकारच्या पकडींसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही, सरळ दांडा पुरतो.

बार येण्याआधी खालची जागाही तयार करा. टेबलाचे कोपरे दूर हलवा, न सरकणारी मॅट घाला, आणि चार पायांचं मजबूत स्टूल आणा. चाकांची खुर्ची आणि हलकी प्लॅस्टिकची खुर्ची नको. ज्यांचा अजून एकही पुल-अप निघत नाही, त्यांना या स्टुलाचा फार उपयोग होतो: त्यावरून वर जायचं, हनुवटी बारच्या वर ठेवायची आणि जमेल तितकं सावकाश खाली यायचं. ताकद अशानेच येते, त्यात कमीपणा काही नाही. खांद्याचं जुनं दुखणं असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच बार मागवा.

पहिल्या दिवशी पाय जमिनीवर ठेवूनच बारवर थोडं थोडं वजन टाका. कुरकुर ऐका, प्लेटच्या कडेला गिलाव्यात बारीक चीर पडतेय का ते जवळून बघा. मग पाय उचला, स्थिर लटका, आणि उतरून पुन्हा तपासा. आठवड्याने सगळे नट पान्याने परत आवळा, त्यानंतर महिन्यातून एकदा. घरात लहान मुलं असतील तर दारातला बार व्यायामानंतर काढून ठेवायचा, कारण तो दिसला की मुलं लटकणारच, आणि तेव्हा बार नीट बसलाय का हे बघायला तुम्ही तिथे असालच असं नाही.