वर्षभराच्या वाचनाचा आढावा घेताय? या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की "यंदा काय काय वाचलं" या याद्यांचं पीक येतं. गेली चौदा वर्षं मीही असा आढावा लिहितेय आणि इतरांचेही आवडीने वाचतेय. लिहिणारे प्रामाणिक असतात, यात शंका नाही. तरी बऱ्याच याद्या खऱ्या नसतात, आणि त्यातली सगळ्यांत खोटी माझ्याच हातची आहे.

आठवून आठवून यादी करणं

पाच-सहा जणांच्या वाचनगटात मी वर्षातल्या आवडत्या पाच पुस्तकांवर बोलत होते. तिसऱ्या क्रमांकावर एक जाडजूड कादंबरी. तिच्या निवेदनाबद्दल, काळाच्या उलटसुलट मांडणीबद्दल दहा मिनिटं छान बोलले. मग एकीने सहज विचारलं, "शेवटी ती घरी परत येते, ते तुला पटलं का?" मला शेवटच आठवेना. "तसं ते अटळच होतं ना," असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. घरी येऊन कपाटातून पुस्तक काढलं, तर बुकमार्क १४०व्या पानावर. पुस्तक चारशेच्या वर पानांचं. मार्चमध्ये मी ते सोडून दिलं होतं. नंतर त्याची परीक्षणं वाचली, लेखिकेची एक मुलाखत ऐकली, मैत्रिणीशी त्यावर गप्पा झाल्या, आणि या सगळ्याची गोळाबेरीज होऊन डोक्यात ते "वाचून झालं" होतं.

त्याच यादीत फेब्रुवारीतलं एक छोटं पुस्तक नव्हतंच. वाचताना मी रात्री दोनपर्यंत जागले होते. ते कुठे गेलं? डिसेंबरमध्ये बसून आठवलं की ऑक्टोबरनंतरची पुस्तकं पुढे येतात, आधीची मागच्या बाकावर गप्प बसतात.

विस्मरणाची पहिली नीट मोजणी हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केली आणि १८८५ साली ती छापली. निरर्थक अक्षरं पाठ करायची, ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायची, आणि दुसऱ्या खेपेला किती मेहनत कमी लागली ते बघायचं. तासाभरानंतर मेहनतीची ही बचत निम्म्याच्याही खाली आली होती. त्यापुढची घसरण मात्र संथ. पुस्तक म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत, मान्य. पण मला त्यातून एक सवय लागली: पुस्तक मिटलं की त्याच संध्याकाळी नोंद. उद्या नाही.

नोंद म्हणजे काय? शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख आणि एक वाक्य. वाक्य कथानकाचं नको, ते कुठेही मिळतं. आपल्याला काय झालं ते लिहायचं: "मधली साठ पानं रेटली", "वडिलांची आठवण आली", "हा माणूस शहाणपणा शिकवतो, वैताग". पुस्तक दुसऱ्याचं असेल तर वहीत.

"कोणतं अ‍ॅप वापरू?" हा नवख्यांचा पहिला प्रश्न असतो. चार पुस्तकंही वाचून झालेली नसतात आणि रंगीत तक्ते मात्र तयार! चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या. वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी, वाचलेल्यांची वेगळी. मी त्याला तिसरी यादी जोडली आहे: सोडलेली. पान क्रमांकासह. का, ते वर सांगितलंच.

आकड्यामागे धावणं

बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं. ऐकायला फार गोड. आधी हिशोब करा. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ साली जुन्या १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला; इंग्रजी ललितेतर मजकूर मनात वाचण्याचा सरासरी वेग त्यात मिनिटाला २३८ शब्द निघाला. पानाला ३०० शब्द धरले तर तीनशे पानी पुस्तकाला सहा तासांच्या वर लागतात. अशी ५२ म्हणजे वर्षभर रोज जवळजवळ ५४ मिनिटं, एकही सुट्टी न घेता. ज्याला जमतं त्याने खुशाल वाचावं.

मला जमलं नाही. एका वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस आकडा ४१ वर अडकला. हातात सहाशे पानी इतिहासग्रंथ होता, २१२व्या पानापर्यंत आलेला, अगदी रंगात आलेला. तो मी बाजूला ठेवला आणि पाच आठवड्यांत अकरा किडकिडीत पुस्तकांचा फडशा पाडला. एकतीस तारखेला रात्री साडेदहाला बावन्नावं संपलं. त्या अकरांपैकी आज मला दोनच आठवतात. इतिहासग्रंथ मार्चमध्ये पुन्हा उघडला तर सगळी घराणी एकमेकांत मिसळलेली. पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली. लक्ष्याने मला पुस्तकांपासूनच तोडलं होतं.

आता मी संख्या मोजते, पण वर्ष संपल्यावर, एकदाच. आधी बघायचंच नाही.

बाकीच्या किरकोळ

पाचपैकी चार तारे: सगळ्यांनाच चार देता ना? मग देऊच नका.

पुनर्वाचन यादीत न धरणं. धरा. माझ्याकडे त्यापुढे छोटा "पु" असतो.

ऑडिओबुक "खरं वाचन" आहे का, हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. ऐकलं असेल तर "ऐकलं" असं लिहा आणि पुढे चला. पंधरा मिनिटांचं सारांश-वाचन मात्र यादीत घालू नका. ते पुस्तक नव्हे, पुस्तकाची जाहिरात.

आढावा डिसेंबरातच लिहिणं. मी जानेवारीच्या मध्यात लिहिते. नुकत्याच वाचलेल्याची नशा तोवर उतरते.

नोंदच नाही, वर्ष तर संपलं

मग थोडी गुप्तहेरगिरी. फोनमधले पानांचे फोटो तारखेसकट सापडतात. ग्रंथालयाच्या खात्यात घेतल्या-दिल्याचा इतिहास असू शकतो, ई-बुकच्या अ‍ॅपमध्ये शेवटचं उघडलेलं पान असतं. मित्रांना पाठवलेल्या मेसेजमध्ये "पुस्तक" हा शब्द शोधा. आपण तेव्हा काय म्हणालो होतो ते वाचून थोडी लाज वाटेल, पण तीच खरी नोंद. त्यानंतरही खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि पुस्तकातलं एखादं मधलंच पान उघडून बघा, ओळखीचं वाटतं का. माझ्या जुन्या एका वर्षाच्या यादीत अशी सात प्रश्नचिन्हं होती. पानं चाळल्यावर तीन पुसली, तीन नावं खोडली. सातव्यात समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "हे कुठेतरी वाचलंय."