'अन्टिल' आणि आपला 'पर्यंत'

चाकणच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघायचे. नवी होते तेव्हा एका जर्मन गिऱ्हाइकाला मेल टाकला: 'वुई विल डिस्पॅच द गुड्स अन्टिल ट्वेंटिएथ.' लगेच विचारणा आली, 20 तारखेनंतर माल पाठवणं बंद करणार का? साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिथे 'बाय ट्वेंटिएथ' हवं होतं.

चूक माझी कमी, 'पर्यंत'ची जास्त. 'शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या', आपल्याला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. इंग्रजीत सुट्टी चालू राहते म्हणून 'अन्टिल', फॉर्म एकदाच द्यायचा म्हणून 'बाय'.

भाचीला मी एक युक्ती सांगितली आहे. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघ. 'शुक्रवारच्या आत फॉर्म द्या' चालतं ना? मग 'बाय'. 'शुक्रवारच्या आत सुट्टी आहे' कानाला खटकतं? मग 'अन्टिल'. फक्त 'बाय फ्रायडे'त शुक्रवारही धरलेला असतो, हे विसरू नकोस.

दुसरा घोळ 'येईपर्यंत'चा. 'तो येईपर्यंत थांब' म्हणताना आपल्या मनात पुढचा काळ असतो, म्हणून हात 'विल कम'कडे जातो. इंग्रजीत साधा वर्तमानकाळ: 'वेट अन्टिल ही कम्स'.

सगळ्यात हट्टी चूक मात्र 'जोपर्यंत… नाही'ची. 'जोपर्यंत पाऊस थांबत नाही, तोपर्यंत निघू नकोस' यातला पहिला नकार इंग्रजीत न्यायचाच नाही. 'डोन्ट लीव्ह अन्टिल द रेन स्टॉप्स', बस्स. 'डझन्ट स्टॉप' लिहिलं की अर्थाचं भजं होतं. वीस वर्षं पत्रं लिहून माझंही अजून कधी कधी होतं, खोटं कशाला बोलू!

'टिल' म्हणजे 'अन्टिल'चं आखूड रूप असं पुष्कळांना वाटतं. उलट 'टिल'च जुना. स्पेलिंगमध्ये त्याला शेवटी दोन एल, 'अन्टिल'ला एकच.

आणि रजेच्या मेलमध्ये नुसतं 'ऑन लीव्ह अन्टिल फ्रायडे' लिहू नये. शुक्रवारी तुम्ही कामावर की घरी, याचा वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. 'बॅक ऑन मंडे' लिहा, म्हणजे शुक्रवारी कुणी फोन करणार नाही.