क्लाउडवरच्या डेटाबेसची जागा आटोक्यात कशी ठेवावी

‘डिस्क ८५ टक्के भरली’ असा मेल आला की हात आपोआप जागा वाढवायच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. ॲमेझॉनची आरडीएस ही क्लाउडवरची डेटाबेस सेवा असो की मायक्रोसॉफ्ट अझूरची पोस्टग्रेस (एक डेटाबेस सॉफ्टवेअर) सेवा, जागा वाढवणं सोपं आहे. पण वाढवलेली जागा त्याच सर्व्हरवर थेट कमी करता येत नाही. त्यासाठी लहान जागेचा नवा सर्व्हर उभा करून डेटा तिकडे हलवावा लागतो, आणि तोवर दर महिन्याचं जादा भाडं सुरूच राहतं. म्हणून आधी जागा कोण खातंय ते शोधा.

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळांचे युनिफॉर्म शिवणारा एक कारखाना आहे. ऑर्डर, चलन, बिलं सगळं क्लाउडवरच्या पोस्टग्रेसमध्ये. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे मार्चपासून नोंदींचा नुसता पाऊस. अशा धंद्यात वर्षाची सरासरी काढून उपयोग नाही.

पायरी १ : भरण्याचा वेग काढा

क्लाउडच्या पॅनलवर मोकळ्या जागेचा आलेख असतो. महिन्यापूर्वी २४ जीबी मोकळी होती आणि आज १८ आहे, तर ६ जीबी गेली. या वेगाने ३ महिने हातात आहेत. मग गेल्या वर्षीचे मार्च ते मे बघा. तेव्हाचा वेग दुप्पट असेल, तर हाताशी दीडच महिना आहे असं धरून चला.

पायरी २ : जागा खाणारं टेबल पकडा

इथे घाई करू नका, खरं काम हेच आहे. प्रत्येक टेबलाचा आकार काढताना ‘पीजी टोटल रिलेशन साइझ’ हे फंक्शन वापरा. नुसतं ‘पीजी रिलेशन साइझ’ वापरलं तर फसगत होते, कारण पोस्टग्रेस आकाराने मोठा मजकूर टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात ठेवतं आणि इंडेक्सही (ओळी पटकन शोधण्यासाठीच्या सूची) वेगळे असतात. त्या आकड्यात हे दोन्ही येत नाहीत.

यादी मोठ्याकडून लहानाकडे लावा. वर ऑर्डरचं टेबल असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा निघतो तो बदलांचा लॉग. ‘कटिंग झालं’, ‘शिलाई झाली’, ‘इस्त्री झाली’ अशी स्थिती बदलली की सॉफ्टवेअर दरवेळी अख्खी ऑर्डर लॉगमध्ये उतरवतं. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे चलनाचे फोटो. ते बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, ठेवले असतील तर मूळ फोटोपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त मजकूर साठतो. फोटोची जागा ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे क्लाउडवर फाइली ठेवायच्या वेगळ्या कोठारात. डेटाबेसात फक्त त्याचा पत्ता ठेवा.

टेबलांची बेरीज लहान आणि डिस्क मात्र भरलेली, असं दिसलं तर रेप्लिकेशन स्लॉट तपासा, म्हणजे डेटाबेसाची दुसरी प्रत कुठवर पोचली याची नोंद. रिपोर्टसाठी कुणीतरी कधीतरी दुसरी प्रत जोडलेली असते. ती बंद पडली तरी तिचा स्लॉट राहतो, आणि त्या प्रतीला पुढे लागतील म्हणून पोस्टग्रेस वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंदवही) पुसतच नाही. तो स्लॉट खरंच कुणी वापरत नाही याची खात्री करून मगच काढा.

पायरी ३ : काय काढायचं ते ठरवा

हा निर्णय एकट्या प्रोग्रामरने घेऊ नये, मालक आणि सीए दोघांनाही विचारा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, त्यामुळे बिलांना हात लावू नका. जुना लॉग मात्र फाइलीत काढून ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये टाकता येतो. पुसण्याआधी ती फाइल दुसऱ्या डेटाबेसात भरून, उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबून मूळ डेटा पुसणं मला अजिबात मान्य नाही.

पायरी ४ : पुसा, आणि जागा परत मिळवा

लाखो ओळी एका झटक्यात पुसू नका. काही हजारांच्या तुकड्यांत पुसा. पुसल्यावरही मोकळी जागा वाढलेली दिसणार नाही. प्रवासी उतरले म्हणून एसटी लहान होत नाही, सीट रिकाम्या होतात, तसंच हे. साध्या व्हॅक्यूमने, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईच्या आज्ञेने, त्या सीट नव्या ओळींना मिळतात, आणि बऱ्याचदा एवढं पुरतं.

जागा डिस्कलाच परत हवी असेल तर व्हॅक्यूम फुल आहे. पण ते टेबल नव्याने लिहून काढतं: तोवर त्यातून वाचताही येत नाही, आणि नव्या प्रतीला पुरेल एवढी मोकळी जागा आधीच लागते. डिस्क काठोकाठ भरलेली असताना ते चालवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तशा वेळी निमूटपणे आधी थोडी जागा वाढवा. धंदा चालू ठेवून हे करायचं असेल तर पीजी रीपॅक हे एक्स्टेंशन बघा. मोकळी जागा त्यालाही लागते.

लॉगसाठी कायमचा उपाय म्हणजे महिन्यावार पार्टिशन, दर महिन्याला टेबलाचा वेगळा तुकडा. जुना महिना नको झाला की ते पार्टिशनच ड्रॉप करायचं; जागा लगेच सुटते, व्हॅक्यूमची कटकट नाही.

पायरी ५ : इशारा आणि मर्यादा लावा

जागा आपोआप वाढण्याची सोय जरूर चालू करा, पण कमाल मर्यादा घालून. नाहीतर एखादा बिघडलेला लॉग रात्रभर भरत राहील आणि वाढलेली डिस्क तुमच्या गळ्यात पडेल. इशारा २० टक्के जागा उरली असतानाच येऊ द्या. अझूरच्या पोस्टग्रेस सेवेत ९५ टक्के भरलं की सर्व्हर फक्त वाचण्यापुरता उरतो, नवं चलन निघत नाही. आणि इशारा प्रोग्रामरसोबत कारखान्यात रोज बसणाऱ्या एका माणसाच्या मोबाइलवरही जाऊ द्या. गड्ड्याच्या यात्रेला प्रोग्रामर सुट्टीवर असला तरी कुणीतरी फोन करेल.